रिकामा ट्रक उंच उभा राहतो

८ मार्च

डॉक्टर म्हणाले, काळजी डोक्यात फिरवत बसण्यापेक्षा कागदावर उतरवत जा, म्हणजे झोप लागेल. म्हणून ही वही. माझी शाळा नववीत सुटली, पण शुद्धलेखनात मला वर्गात कोणी मागे टाकलं नव्हतं. त्यामुळे काळजी निदान शुद्ध तरी लिहिली जाईल.

आजची काळजी अशी की मी नको ते बोलून बसलो.

सकाळी मामाने भंगारवाल्याला आणलं होतं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. सुतार आहे. पुढचं घर आमचं आणि मागचं अंगण त्याचं. त्या अंगणात बाबांचा जुना ट्रक सहा वर्षं चाकांना लाकडी ठोकळे लावून उभा आहे. बाबांना गरगरायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी त्यांचं चालवणं कायमचं बंद केलं, त्या दिवसापासून. मामाला आता तिथे कामासाठी शेड घालायची आहे.

भंगारवाल्याने कलिंगड बघतात तसं बॉनेटवर टकटक केलं आणि म्हणाला, "वजनावर घेतो." बाबा नेहमीसारखे अंगणाकडच्या खिडकीकडे पाठ करून त्यांच्या खुर्चीत बसले होते. ते उठले आणि आतल्या खोलीत गेले. चहा तसाच राहिला. बाबांनी चहा टाकलेला मी आजपर्यंत पाहिला नव्हता.

तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "भंगारात नको. मी दुरुस्त करतो."

मामा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू कपाट बोललं. "तू? अरे चिठ्ठ्या, तुला सायकलची चेन चढवता येत नाही."

"येते," मी म्हणालो. "वेळ लागतो."

"मग घे वेळ. मेअखेरपर्यंत हा डबडा स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर गेला तर तुमचा. नाहीतर एक जूनला हे गृहस्थ क्रेन घेऊन येतील."

भंगारवाल्याने मान डोलावली. तो फार सभ्य माणूस वाटला, त्यामुळे जास्तच भीती वाटली.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सवत माझी. इतकी वर्षं हे तिच्यासाठी घराबाहेर राहिले, आणि आता मुलगाही तिच्याच नादी लागला." पण ती हसत होती.

९ मार्च

चिठ्ठ्या हे माझं खरं नाव नाही. मी कपडे धुण्याच्या दुकानात कामाला आहे. आलेल्या प्रत्येक कपड्याला कापडी चिठ्ठी टाचायची आणि तिच्यावर धुऊन न जाणाऱ्या शाईने गिऱ्हाइकाचा नंबर घालायचा, हे माझं काम. माझ्या हातून अजून एकाचा सदरा दुसऱ्याच्या घरी गेलेला नाही. हीच पद्धत ट्रकला लावायची असं ठरवलं आहे. जो नट निघेल त्याला लगेच चिठ्ठी. मग घाबरायचं काही कारण नाही.

तरी घाबरलो आहे.

१२ मार्च

आज मोजमापं घेतली. कामाच्या आधी मोजलेलं बरं. ट्रकची लांबी, रुंदी, उंची आणि अंगणाच्या फाटकाची उंची. फाटकावर मामाने चार वर्षांपूर्वी एकसंध लाकडाची तुळई टाकली आहे आणि तिच्यावर त्याच्या वरच्या खोलीची भिंत उभी आहे. त्या तुळईबद्दल तो पाहुण्यांना अर्धा तास सांगतो. ट्रकचं टप तिच्याखालून तळहातभर जागा ठेवून जातं. जपून दोनदा मोजलं. एक काळजी मिटली.

एक गोष्ट आज प्रथमच लक्षात आली. ट्रकचं तोंड फाटकाकडे आहे. म्हणजे शेवटच्या दिवशी, डॉक्टरांकडून आल्यावर, बाबांनी तो अंगणात उलटा घालून लावला होता. जेवताना विचारलं तर म्हणाले, "गाडी नेहमी निघायच्या तयारीत लावायची." आणि भाजी वाढून घेतली.

१७ मार्च

बॉनेट, रेडिएटर, डायनामो उतरवले. कार्ब्युरेटर हा शब्द मी चार पुस्तकांत चार तऱ्हेने छापलेला पाहिला आहे. जे यंत्र स्वतःचं स्पेलिंग ठरवू शकत नाही ते पेट्रोलचं प्रमाण कसं ठरवत असेल?

बाबा काही बोलत नाहीत. आई म्हणते, "त्यांना विचार की!" पण त्यांना त्या ट्रकचं नाव काढलेलं आवडत नाही, हे उघड आहे. नाहीतर माणूस सहा वर्षं खिडकीकडे पाठ करून का बसेल?

मामा कामावर जाताना रोज थांबतो. आज म्हणाला, "सगळं उलगडलंस, छान. पण चालवणार कोण?"

मी म्हणालो, ते पुढचं पुढे बघू.

२६ मार्च

मामाने तो प्रश्न पुन्हा विचारला. इथे लिहायला हरकत नाही: माझ्याकडे परवाना आहे. कपाटात, हिवाळी कपड्यांच्या खाली. शिकत असताना चौकाच्या बरोबर मधोमध माझी गाडी बंद पडली होती. चारही बाजूंनी हॉर्न. मागच्या बसचा ड्रायव्हर खाली उतरून माझ्या काचेपाशी आला, आणि मला वाटलं आता मारणार, तर तो म्हणाला, "बाळा, किल्ली फिरव." ते मारण्याहून वाईट होतं. परीक्षेच्या दिवशी साहेबांना कुठेतरी जायची घाई होती म्हणून पास झालो. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

पण दुरुस्त करणं वेगळं आणि चालवणं वेगळं. माझं काम दुरुस्त करणं.

४ एप्रिल

सत्यानाश.

सगळे नट-बोल्ट काळ्या चिकट ग्रीसने माखले होते. धुणं म्हटलं की माझ्या अंगात येतं. मोठ्या परातीत रॉकेल घेतलं, नट त्यात बुडवले, दोन तास मुरू दिले. चिठ्ठ्या काढल्या नाहीत, कारण ती शाई उकळत्या पाण्यात, सोड्यात, साबणात, कशातच जात नाही. दुकानात आम्ही तसं लिहूनच ठेवलं आहे.

रॉकेलमध्ये जाते.

परातीतून बाहेर निघाले ते चकचकीत नट, आणि प्रत्येकाला टाचलेली एकेक स्वच्छ पांढरी, कोरी चिठ्ठी. इतक्या स्वच्छ चिठ्ठ्या मी नव्या असतानाही पाहिल्या नव्हत्या.

मामाला हसू आवरेना. तो रंधा बाजूला ठेवून बाकावर बसला आणि म्हणाला, "धुतल्यास मात्र छान." मी परात उचलून घरात आणली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. आता काय करायचं ते सुचत नव्हतं, म्हणून नुसता समोर बसलो.

बाबा आले. नाक वर करून वास घेतला. "जेवायच्या टेबलावर रॉकेल?" मला वाटलं आता ऐकायला मिळणार. पण त्यांनी एक नट उचलला, बोटांत फिरवला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. "डायनामोचा." दुसरा उचलला. "हा रेडिएटरच्या खालचा. ह्याला खोड होती, घाटात सैल व्हायचा." मग खुर्ची ओढून बसलेच. आई ताटं घेऊन आली, उभी राहिली, आणि ताटं परत घेऊन गेली. आम्ही स्वयंपाकघरात उभ्याउभ्याने जेवलो, आई आणि मी. बाबा नंतर जेवले.

टेबल लवकर मोकळं व्हावं म्हणून त्यांनी मदत केली असणार. काही असो, चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या. ह्या वेळी पेन्सिलीने.

७ एप्रिल

बाबांनी खुर्ची फिरवली आहे. आता खिडकीकडे तोंड करून बसतात. वर्तमानपत्रासाठी उजेड हवा असेल. मात्र वर्तमानपत्र घडीचं तसंच असतं.

११ एप्रिल

बाबा अंगणात आले! ट्रकभोवती एक फेरी मारली, कमानपाट्यांपाशी वाकले आणि म्हणाले, "हे बसलेत. लोहाराकडून पुन्हा वाकवून आण. आणि टायर बारके घेऊ नकोस, जुन्या मापाचे घे." मी म्हणालो, पाटे अजून चालतील. ते म्हणाले, "चालतील, पण पाठ सरळ नको का हिची?"

मग फाटकाच्या तुळईकडे बघून जरा हसले. मामाच्या तुळईत हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. चांगली तुळई आहे.

१८ एप्रिल

रंगासाठी हमरस्त्याच्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. तिथे एक मुलगी पाट्या रंगवते आणि रंगही विकते. मी जुन्या रंगाची खपली पाकिटात घालून नेली होती. तिने ती उजेडात धरली.

"कुठला हिरवा हवाय? हा आत्ताचा, की नवा असतानाचा?"

"नवा असतानाचा," मी म्हणालो.

"मग ह्या खपलीची पाठ बघायची. पाठीवर ऊन पडलेलं नसतं."

हे मला सुचायला हवं होतं. ती माझी चेष्टा करते आहे की काय असं वाटलं, कारण सगळा वेळ ती हसत होती.

तिने तीन वेळा रंग मिसळला आणि तिन्ही वेळा मला बघायला लावला. धीराची दिसते.

२३ एप्रिल

आता क्लच, गिअर, ब्रेक जागेवर बसले आहेत. इंजिन अजून व्हायचं आहे. संध्याकाळी बाबा म्हणाले, "क्लच तपासायला हवा. बस." मी ड्रायव्हरच्या जागी, ते शेजारी.

"दाब. सोड. हळू! उशीवर डोकं ठेवल्यासारखा सोड." पुन्हा. पुन्हा. मग गिअर. "पहिला. क्लच. मधे आण. क्लच. दुसरा. काय खेचतोयस, दात काढायचाय का तिचा?"

मी म्हणालो, "बाबा, क्लच बरोबर आहे. मी स्वतः मापं घेतली आहेत."

"आवाजाशिवाय कळत नाही गिअर कधी टाकायचा ते. आवाज कर."

"कसला?"

"इंजिनाचा. इंजिन नाहीये ना? मग तू हो इंजिन."

बाबांशी वाद घालता येत नाही. मी तोंडाने घर्रर्र केलं. "चढव आवाज. आता तिची ओढ संपत आली... हां, आता क्लच! आवाज पाड! दुसरा! पुन्हा चढव!" मान वर केली तर मामा आणि त्याचे दोन्ही कारागीर फाटकात ओळीने उभे. मामा म्हणाला, "भावजी, पेट्रोल किती पितो हा?"

बाबा म्हणाले, "चहावर चालतो."

२ मे

रोज संध्याकाळी क्लच तपासणी. बाबांना माझ्या कामाचा भरवसाच नाही. आज चढ आला, उतार आला, समोरून म्हशीएवढा खड्डा आला, आणि अंगणात उभ्या ट्रकमध्ये मी त्या सगळ्यांसाठी वेगवेगळे आवाज काढले. एकदा चुकून आवाज थांबला तर बाबा म्हणाले, "बंद पडली. काय करशील?"

मला एकदम तो चौक आठवला.

"काय करशील?"

"किल्ली फिरवीन."

"आधी गिअर काढ. मग किल्ली. घाई कोणाला आहे? मागच्याला. तुला नाही."

क्लचसाठी इतकं खोलात जायची गरज काय, हे मात्र समजलं नाही.

६ मे

रंगाचा शेवटचा हात दिला. रंगवाली बघायला आली होती. हा तिचा चौथा फेरा. पहिल्यांदा रंग वाळला का ते बघायला, मग नीट वाळला का ते बघायला, मग ऊन पडल्यावर कसा दिसतो ते बघायला. गिऱ्हाइकाची इतकी काळजी घेणारं दुकान मी दुसरं पाहिलेलं नाही. आमच्या मालकीणबाईंना सांगायला हवं.

मी मागच्या फाळक्यावर काही अक्षरं काढून देशील का विचारलं. ती म्हणाली, "उभ्या गाडीवर मी अक्षरं काढत नाही. चालवत आण माझ्या दुकानासमोर, मग काढते."

"ड्रायव्हर आणेल," मी म्हणालो.

"ड्रायव्हरच्या गाडीवर तर मुळीच नाही," असं म्हणून ती गेली. विचित्र नियम आहे. अशाने गिऱ्हाइकं तुटतील.

१३ मे

सुरू झाला!

सकाळभर नुसता खोकत होता. बाबांनी कान लावला, कार्ब्युरेटरचा एक स्क्रू नखाने फिरवावा इतकाच फिरवला आणि म्हणाले, "हँडल मार." मी मारलं. एकदा लाथ बसल्यासारखं मागे आलं. पुन्हा मारलं, आणि मग असा आवाज, की वरच्या वळचणीतली सगळी कबुतरं उडाली. आई ओल्या हातांनी धावत आली. मामाने कारागिरांना काम थांबवायला सांगितलं. बाबा बॉनेटवर हात ठेवून उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सायलेन्सरच्या जोडातून धूर येत असणार.

१४ मे

सायलेन्सर तपासला. जोड पक्का आहे. धूर कुठून आला ते सापडत नाही.

२२ मे

मामा म्हणतो झालं, आता काढ बाहेर. पण वायपरची रबरं मला पसंत नव्हती, म्हणून काढून पुन्हा बसवली. हेडलाइटची एक काच दुसरीपेक्षा किंचित तिरकी वाटते. सीटची शिवण उसवून पुन्हा घातली.

आई म्हणाली, "किती नटवशील? वरात निघणार आहे का तिची?"

"उगाच राहून जायला नको, आई."

"काय राहून जायला नको?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गेली.

२६ मे

आज दाराच्या कड्या तेलपाणी करून पुसल्या. काल पण पुसल्या होत्या.

खरं काय ते लिहितो. राहिलेलं काही नाही. ट्रक तयार आहे. माझे पाय तयार नाहीत. नुसतं मनात आणलं की गुडघ्याखाली कापूस भरल्यासारखं होतं. म्हणून फर्निचरच्या गोदामावर जाऊन तिथल्या एका ड्रायव्हरला ठरवून आलो. तीस तारखेला येईल, ट्रक बाहेर काढेल, रस्त्यावर लावेल. मामाची अट काय, तर स्वतःच्या इंजिनावर. कोणी चालवायचा हे ठरलं नव्हतं.

जेवताना हे सांगितलं. बाबा म्हणाले, "बरं." मामा काहीतरी बोलणार होता, आईने त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

संध्याकाळी क्लच तपासायला कोणी बोलावलं नाही.

२७ मे

बाबांची खुर्ची पुन्हा पहिल्यासारखी. खिडकीकडे पाठ.

३० मे

ड्रायव्हर आला. मिशीवाला, हातात कडं, तोंडात काडी. ट्रक बघून शीळ घातली. इंजिन सुरू केलं आणि फाटकापर्यंत आणून थांबला. खाली उतरला. टपाकडे बघितलं, तुळईकडे बघितलं आणि हसायलाच लागला.

टप तुळईपेक्षा चार बोटं वर होतं.

मी म्हणालो, शक्यच नाही, मी दोनदा मोजलं आहे. आणि बोलता बोलताच लक्षात आलं. मोजलं तेव्हा पाटे बसलेले होते आणि चाकांवर जुने, चपटे टायर होते. नव्याने वाकवलेल्या पाट्यांनी आणि नव्या टायरांनी ट्रक उभा राहिला तो ताठ मानेने. मी सगळं इतकं नीट दुरुस्त केलं की आता तो बाहेरच जाऊ शकत नाही.

"तुळई काढा, मग बोलवा," ड्रायव्हर म्हणाला आणि निघून गेला.

"तुळई?" मामा ओरडला. "तिच्यावर माझी भिंत आहे! भिंतीमागे माझा पलंग आहे!"

मी म्हणालो टायरची हवा सोडू. बाबा आतून खिडकीतून म्हणाले, "सपाट टायरवर हललास तर ट्यूबचे व्हॉल्व्ह मुळातून तुटतील." म्हणजे पाठ करून बसले होते तरी ऐकत होते.

मामा फाटकाला टेकून उभा होता. त्याला खरं तर आनंद व्हायला हवा होता, शेड मिळणार म्हणून. पण तो हळू आवाजात म्हणाला, "एवढा हिरवागार केलास रे, आणि आता क्रेनने उचलून नेणार?"

जेवण गेलं नाही.

३१ मे

आज सगळं एका दमात लिहितो आहे. अक्षर वेडंवाकडं येईल. येऊ दे.

सकाळी मी फाटकात मोजपट्टी घेऊन उभा होतो. जणू आणखी एकदा मोजलं तर चार बोटं कमी होणार होती. बाबा बाहेर आले. बूट घालून. बाबा घरात चपला घालतात. सहा वर्षांत मी त्यांच्या पायात बूट पाहिले नव्हते.

"रिकामा ट्रक उंच उभा राहतो," ते म्हणाले. "ट्रक काय रिकामा न्यायची वस्तू आहे? भरा."

"काय भरू?"

बाबांनी मामाच्या लाकडाच्या ढिगाकडे बघितलं.

मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "माझं सागवान?"

"तुझंच सागवान. तुझीच तुळई. तुलाच शेड हवी आहे."

मामा जरा वेळ डोकं खाजवत राहिला, मग अचानक बाह्या सरसावून कारागिरांवर ओरडला, "बघता काय? चढवा!" वासे, फळ्या, ओंडके, सगळा ढीग हौद्यात गेला. पाटे करकरले. ट्रक हळूहळू खाली बसत गेला, दमलेला माणूस पलंगावर बसतो तसा. मी मोजलं. तीन बोटं गेली. एक उरलं. आता अंगणात लाकडाचा तुकडा नव्हता.

"माणसं," बाबा म्हणाले.

कारागीर चढले. मामा चढला. गल्लीत बघायला जमलेले शेजारी, ज्यांनी महिनाभर फाटकातून माझं घर्रर्र ऐकून हसून घेतलं होतं, ते एकमेकांना हात देत चढले. आईने पदर खोचला. "सवतीच्या खांद्यावर बसायची वेळ आली," म्हणाली आणि लाकडांवर सगळ्यात पुढे जाऊन बसली. मी मोजलं. टप तुळईच्या खाली गेलं होतं. नखभर.

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ड्रायव्हरला बोलावून आणतो," मी म्हणालो.

"ड्रायव्हर इथे आहे," बाबा म्हणाले. "महिनाभर चालवतोय."

"कोण?"

"तू. रोज संध्याकाळी. चढ, उतार, खड्डे. मधेच बंद पडली, तीही तूच सुरू केलीस."

मी त्यांच्याकडे बघितलं. मग वर आईकडे. ती आभाळाकडे बघत होती. मामा म्हणाला, "आम्हाला सगळ्यांना कळलं होतं रे. तूच तेवढा क्लच तपासत होतास."

मी म्हणालो, "बाबा, वर आई आहे."

"म्हणून तर तू हळू चालवशील. मला गरगरतं, नाहीतर तुझ्या हातात दिली नसती. बस."

बसलो. गुडघ्याखालचा कापूस होताच. बाबा शेजारी. हँडल एका कारागिराने उतरून मारलं आणि तो धावत परत चढला, कारण त्याच्या वजनाशिवाय टप वर आलं असतं. पहिला गिअर. उशीवर डोकं ठेवल्यासारखा क्लच सोडला. ट्रक हलला. हौद्यातले सगळे माना खाली घालून वाकले, आणि फाटकाच्या सावलीत शिरलो. मामा वर पालथा पडून तुळई आणि टपाच्या मधल्या फटीकडे बघत ओरडत होता, "चालू दे... चालू दे... अरे कोणी श्वास सोडू नका!" खरोखर कोणी सोडला नाही. एक बारीक खर्र आवाज झाला. तुळईवर हिरवी रेघ उमटली. आणि पुढच्या काचेवर एकदम ऊन पडलं.

बाहेर होतो.

वर एकच आरडाओरडा. मला वाटलं आता थांबायचं असतं. पण बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "ओढ संपत आली तिची. ऐकतोयस ना?" ऐकत होतो. क्लच, मधे, क्लच, दुसरा. लोण्यासारखा गेला. गल्ली मागे पडत होती. कोणीतरी मागून हॉर्न वाजवला. घाई त्याला होती.

बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. "आता गप्प बस," ते म्हणाले. "आता इंजिन आहे."

मी सगळा वेळ तोंडाने घर्रर्र करत होतो.

कोपऱ्यावर रंगाचं दुकान आलं तसा ब्रेक दाबला. बरोबर दारासमोर थांबला. ती ब्रश हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती. ब्रश आधीच रंगात बुडवलेला होता.

"किती उशीर," ती म्हणाली. "काय लिहू?"

मी वर बघितलं. वरून मामा ओरडला, "लिही, तुळई सांभाळा!" सगळे हसले, बाबासुद्धा, खिडकीवर कोपर टेकून. तिने खरंच तेच लिहिलं. जगात दुसऱ्या कुठल्या ट्रकच्या मागे हे लिहिलेलं नसेल. मी शुद्धलेखन तपासलं. बिनचूक आहे.

१ जून

भंगारवाला क्रेन घेऊन आला होता. अंगण रिकामं बघून त्याने टोपी काढली. मामाने त्याला चहा दिला आणि तुळईवरची हिरवी रेघ दाखवली. ती पुसायची नाही असं त्याने कारागिरांना बजावलं आहे. आता पाहुण्यांना एक तास लागेल.

ट्रक घरासमोर रस्त्यावर उभा आहे, निघायच्या तयारीत. बाबांची खुर्ची पुढच्या खोलीत, पुढच्या खिडकीशी आली आहे.

रंगवालीने निरोप पाठवला आहे की अक्षरांवर दुसरा हात द्यावा लागेल, आणि बहुतेक तिसराही, तेव्हा ट्रक रोज घेऊन यावा. पाट्यांना इतके हात लागत असतील असं वाटलं नव्हतं. हे डॉक्टरांना सांगण्यासारखं नाही, पण काल मला छान झोप लागली.

हे लिहितानाच बाबांनी बाहेरून हाक मारली, "चिठ्ठ्या, क्लच जरा तपासायला हवा!"

क्लचमध्ये काही दोष नाही. मी किल्ली घेतली.